एआयला काय विचारावं, कुठे थांबावं

या अंकासाठी नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून एआयबद्दल, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, प्रश्न मागवले होते. सर्वांत जास्त पत्रं नोकरीच्या धास्तीची आली. पण ज्यांना नेमकं, उपयोगाचं उत्तर देता येईल असे प्रश्न वेगळेच निघाले, म्हणून जागा त्यांना जास्त दिली आहे. लांब पत्रं थोडक्यात छापली आहेत.

प्रश्न : एआय म्हणजे नेमकं काय? गूगलवर शोधणं आणि चॅटजीपीटीला विचारणं यात फरक काय? नातू म्हणतो, ‘आजोबा, त्याला सगळं माहीत असतं.’
(निवृत्त शिक्षक, धरमपेठ)

नातवाला सांगा, आपल्याला माहीत असतं तशा अर्थाने त्याला काहीच माहीत नसतं. चॅटजीपीटी, जेमिनाय, क्लॉड यांच्यासारख्या चॅटबॉटला प्रचंड मजकूर पुरवून मुळात एकच गोष्ट शिकवलेली असते : आतापर्यंतचे शब्द पाहता पुढचा तुकडा कोणता येण्याची शक्यता जास्त. ‘सीताबर्डी हा नागपुरातला’ एवढं लिहिलं की पुढे ‘गजबजलेला’ किंवा ‘मध्यवर्ती’ येण्याची शक्यता मोठी, ‘खारट’ येण्याची जवळजवळ शून्य. यंत्र त्या शक्यतांमधून एक तुकडा उचलतं, जोडतं आणि पुन्हा सगळं बघून पुढचा उचलतं. या उचलण्यात थोडी सोडत असते. त्यामुळे तोच प्रश्न दोनदा विचारला तर उत्तर जरा वेगळं येतं. त्यानंतर माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला नीट, नम्र बोलायला शिकवतात. नम्र बोलणारा खरंच बोलत असेल असं नाही, हे तुम्ही वर्गात बरंच पाहिलं असेल.

गूगल तुम्हाला कुणीतरी लिहिलेलं पान दाखवतं. पानावर लिहिणाऱ्याचं नाव असतं, बहुधा तारीख असते. चॅटबॉट नवं वाक्य तयार करतो आणि ते वाक्य त्याआधी कुणीही तपासलेलं नसतं. आता बरेच चॅटबॉट इंटरनेटवर शोधूनही उत्तर देतात आणि खाली दुवे जोडतात. पण दुवा उघडून बघितला तरच त्याचा उपयोग. दिलेल्या पानावर ती गोष्ट लिहिलेलीच नाही, असंही होतं.

हे प्रकरण मात्र नवं नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एका प्रस्तावात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’, म्हणजे एआय, हे नाव वापरलं आणि १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमाउथ कॉलेजात त्यावर परिषद झाली. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं, तेव्हापासून ते घरोघरी बोललं जाऊ लागलं इतकंच. ईमेलमधला फालतू मजकूर बाजूला काढणारी चाळणी, ‘या रस्त्याने ट्रॅफिक आहे’ सांगणारा नकाशा, कार्डावर संशयास्पद खर्च दिसताच येणारा बँकेचा फोन, यांमागे असंच तंत्र आधीपासून होतं. राज्य सरकारने पोलीस तपासात एआय वापरण्यासाठी २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनी काढली, तिच्यात आयआयएम नागपूर भागीदार आहे.

वापराचा हिशेब सरळ आहे. ज्याचा मालमसाला तुम्ही पुरवता आणि ज्याचं उत्तर दोन मिनिटांत ताडून बघता येतं, ते काम त्याला बिनधास्त द्या : अर्जाचा मसुदा, लांब परिपत्रकाचा सारांश, भाषणाचे मुद्दे, नातवासाठी अपूर्णांकांची वीस गणितं. उत्तर तपासणं जितकं अवघड आणि चूक जितकी महाग, तितका हात आखडता.

प्रश्न : १८०० रुपयांच्या कुर्तीवर जीएसटी किती, असं विचारलं तर १२ टक्के सांगितलं. आमचे सीए म्हणाले ५. इतकी साधी गोष्ट चुकते कशी?
(तयार कपड्यांचे व्यापारी, इतवारी)

सीएंचं बरोबर आहे. तयार कपड्यांवर पूर्वी नगाला १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाले. तुमची कुर्ती आता १८९० ला जाईल, जुन्या दराने २०१६ झाली असती. एका नगात १२६ रुपयांचा फरक, गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायला पुरेसा.

चुकतं ते दोन कारणांनी. चॅटबॉटचं वाचन एका तारखेला थांबलेलं असतं. त्यानंतर बदललेला दर त्याला कळत नाही. आणि वाचन ताजं असलं तरी जुना दर वर्षानुवर्षं हजारो पानांवर लिहिलेला असतो, नवा थोड्या पानांवर. शक्यतेच्या खेळात जुनंच वर येतं. दर, फी, शेवटची तारीख, योजनेची पात्रता, रेल्वेचं वेळापत्रक, हे सगळं याच जातीतलं. विचारायचंच असेल तर ‘आज लागू असलेला दर अधिकृत संकेतस्थळावर शोध, अधिसूचनेची तारीख सांग आणि दुवा दे’ असं विचारा. तारीख सांगता आली नाही तर उत्तर सोडून द्या.

आणखी एक. बिलांचा फोटो देऊन ‘बेरीज कर’ म्हणू नका. आकड्यांची लांब बेरीज तो कधीकधी शब्दांसारखीच अंदाजाने करतो आणि एखादी रक्कम गाळतो. त्याऐवजी एक्सेलमध्ये दराप्रमाणे वेगवेगळी बेरीज करणारं सूत्र मागा आणि बेरीज एक्सेलला करू द्या. सूत्र बरोबर आहे का, हे पाच ओळींवर हाताने करून लगेच कळतं.

प्रश्न : संत्र्याची पानं पिवळी पडत आहेत. फोटो टाकला तर एआयने लगेच रोगाचं नाव आणि फवारणी सांगितली. करू का?
(बागायतदार, काटोल तालुका)

थांबा. पानं पिवळी पडणं हे लक्षण आहे आणि त्याच्यामागे अर्धा डझन कारणं एकमेकांसारखी दिसतात. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. लोह कमी असेल तर नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. जस्त कमी असेल तर नवी पानं लहान, अरुंद निघतात आणि शिरांच्या मधे पिवळे चट्टे दिसतात. मुळं सडत असतील तर अख्खं झाडच मलूल होतं, आणि ते कारण फोटोतल्या पानात नसतंच, ते जमिनीखाली असतं. एका पानाच्या फोटोवरून छातीठोक नाव सांगणारा माणूस असो की यंत्र, दोघांपासून सावध राहिलेलं बरं.

फोटो द्यायचेच तर असे द्या. सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता : एक अख्ख्या झाडाचा, एक फांदीचा (नवी आणि जुनी पानं दोन्ही दिसतील असा), एक पानाच्या वरच्या बाजूचा, एक खालच्या बाजूचा, एक जमिनीलगतच्या बुंध्याचा. आकार कळावा म्हणून पानाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा. सोबत झाडाचं वय, बहार आंबिया की मृग, पाणी ठिबकने की पाटाने, गेल्या महिन्यात कोणतं खत आणि कोणती फवारणी, हे लिहा. आणि ‘कोणता रोग आहे?’ असं न विचारता ‘तीन शक्यता सांग आणि त्या वेगळ्या ओळखायला मी बागेत जाऊन काय बघू?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला एक नाव मिळतं. दुसऱ्याने बागेत बघायच्या खुणा मिळतात आणि त्या तुम्ही स्वतः पडताळू शकता.

औषधाचं प्रमाण मात्र एआयकडून घेऊ नका. का, ते बोर्डोवरून सांगतो. डिंक्यासाठी (बुंध्यातून डिंक गळण्याचा रोग) बुंध्याला लावतात तो बोर्डो मलम : १ किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. फवारतात ते १ टक्का बोर्डो मिश्रण : तेच १ किलो, तेच १ किलो, पण पाणी १०० लिटर. नावं सारखी, साहित्य सारखं, प्रमाणात दहापट फरक. शक्यतेवर चालणारं यंत्र नेमकं अशाच ठिकाणी घसरतं, कारण दोन्ही मजकूर त्याने शेजारी-शेजारी वाचलेले असतात. मलमाच्या प्रमाणाने फवारलं तर पालवी जळेल. मिश्रणाच्या प्रमाणाने बुंधा रंगवला तर पातळ पाणी खाली ओघळून जाईल. शिवाय मोरचूद लोखंडी भांड्यात कालवायचा नसतो, प्लास्टिकच्या पिंपात कालवायचा. मिश्रण तयार झालं की त्यात घासलेला खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून बघायचं. त्यावर तांब्याची लाली चढली तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घालायची. ही शेवटची पायरी चॅटबॉट बहुतेक वेळा सांगत नाही आणि बाग तिच्यावाचूनच जळते.

प्रमाणाची आणखी एक गफलत म्हणजे ‘प्रति लिटर’, ‘प्रति १५ लिटर पंप’ आणि ‘प्रति एकर’ यांची सरमिसळ. डब्यावरचं लेबल आणि आतलं पत्रक हाच शेवटचा शब्द. त्यावर तुमच्या पिकाचं नाव नसेल तर ते औषध तुमच्या पिकासाठी नाही. माती आणि पानांची तपासणी करून घ्या आणि नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथल्या शिफारशी बघा.

शेतीत एआय वाया गेलं असं मात्र समजू नका. एकाच कामासाठी शिकवलेलं यंत्र चांगलं चालतं. इथल्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेऱ्याचा कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा) तयार केला आहे. तो अडकलेले पतंग मोजून मोबाइलवर कळवतो. सापळ्यात सलग तीन दिवस रोज ८ पतंग ही फवारणीचा विचार करायची पातळी. ती मोजायला रोज शेतात जायचा कंटाळा केल्यानेच गणित चुकत असतं. तिथे यंत्राने फक्त पतंग मोजायचे आहेत, निदान करायचं नाही.

प्रश्न : प्रकल्प मी स्वतः लिहिला. सरांनी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर ‘७८ टक्के एआय’ आलं. काय करू?
(पदवीचा विद्यार्थी, नंदनवन)

सरांना नम्रपणे सांगा की असे तपासनीस भरवशाचे नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचाच तपासनीस अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतला. पाठ्यपुस्तकी, सरळ वाक्यांत लिहिणारे त्यात बऱ्याचदा विनाकारण सापडतात. पुराव्यासाठी गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास उघडून दाखवा, हाताने काढलेली टिपणं ठेवा आणि तोंडी विचारा म्हणावं. पुढच्या प्रकल्पापासून सुरुवातीलाच डॉक्समध्ये लिहायला घ्या.

प्रश्न : दीर ३८ वर्षांचे, सिकलसेलचे रुग्ण. रिपोर्ट चॅटबॉटला दिला, त्याने ‘एचबीए-वन-सी ५.४, साखर अगदी छान’ असं सांगितलं. आम्ही निश्चिंत राहायचं का?
(गृहिणी, मानेवाडा)

नाही. आणि तुमचं पत्र विदर्भातल्या पुष्कळ घरांच्या कामाचं आहे.

एचबीए-वन-सी ही चाचणी रक्तातल्या तांबड्या पेशींवर किती साखर चढली आहे ते मोजते आणि त्यावरून दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ आणि वर मधुमेह, हे आकडे चॅटबॉट बरोबर सांगतो. पण या सगळ्या गणितात तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते असं धरलेलं असतं. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णात ती फार लवकर मरते, बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांतच. साखर चढायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त चढवलं असेल तर आणखी गोंधळ. नुसते वाहक असणाऱ्यांमध्येही यंत्राच्या पद्धतीप्रमाणे आकडा चुकू शकतो. म्हणून उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघतात. डॉक्टरांना गरज वाटली तर फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी सांगतात.

चॅटबॉटला सिकलसेलचं सांगितलं होतं का? रिपोर्टच्या कागदावर ते लिहिलेलं नसेल तर त्याने फक्त कागद वाचला. तुम्ही जे सांगत नाही ते तो विचारेलच असं नाही. दवाखान्यातला डॉक्टर आधी ‘आणखी काही आजार?’ म्हणून विचारतो, तिथेच मोठा फरक पडतो.

रिपोर्ट वाचायला एआय वापरायचं तर असं वापरा. नाव, फोन, रुग्ण क्रमांक झाका. वय, आजार, चालू गोळ्या स्वतः लिहा. आधी फक्त एवढंच सांगा : ‘या कागदावरचे सगळे आकडे एककासह ओळीने लिहून दे.’ ते कागदाशी एकेक करून ताडा, कारण फोटोत दशांश चिन्ह हरवलं की १.१ क्रिएटिनिनचं (मूत्रपिंडाच्या चाचणीचा आकडा) ११ होतं आणि घरात रडारड सुरू होते. मग विचारा : ‘या आजारात यातली कोणती चाचणी फसवी ठरू शकते? डॉक्टरांना कोणते पाच प्रश्न विचारू?’ ते प्रश्न कागदावर लिहून ओपीडीत न्या. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांतल्या गर्दीत डॉक्टरांचा वेळ थोडाच मिळतो, तो नेमका वापरला जाईल.

त्याच्या सांगण्यावरून गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करायची नाही. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, सिकलसेलच्या रुग्णाला ताप किंवा असह्य दुखणं, यात मोबाइल उघडायचाच नाही. १०८ ला फोन करायचा.

प्रश्न : मी बोलून टाइप करतो. ‘मले उद्या बर्डीले जाच हाय’ म्हटलं तर भलतंच लिहून टाकते. आमची बोली त्याले समजत नाही काय?
(ऑटोचालक, वाडी)

कमी समजते जी. आवाजाचं अक्षर करणारं यंत्र वेगळं असतं आणि ते मुख्यतः बातम्यांच्या मराठीवर आणि हिंदीवर पोसलेलं आहे. ‘हाय’ ऐकलं की त्याला हिंदी वाटते आणि मग सगळं वाक्यच हिंदीच्या रुळावर जातं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आवाजाची भाषा ‘मराठी (भारत)’ एकटीच ठेवा, हिंदी काढा. वाक्य तोडून, गाडी थांबवून बोला. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात २०२२ पासून भारतीय भाषांचं काम सुरू आहे, तेही वापरून बघा.

तेच वाक्य हाताने टाइप केलं तर चॅटबॉटला बहुधा कळतं. फक्त त्याला वऱ्हाडीत उत्तर द्यायला सांगू नका. प्रत्येक वाक्याला ‘हाय’ आणि ‘बाप्पा’ चिकटवून तो जे काही लिहितो, ते वाचून बर्डीवरचा भाजीवालाही हसेल.

प्रश्न : अनोळखी नंबरवरून पुण्यातल्या भाच्याचा रडवेला आवाज आला : ‘मावशी, अपघात झाला, ५० हजार पाठव, आईला सांगू नको.’ आवाज शंभर टक्के त्याचाच होता. नंतर कळलं, तो ऑफिसात होता. पैसे वाचले, पण पुढच्या वेळी ओळखायचं कसं?
(निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर)

आवाज ओळखण्याच्या नादी लागू नका, ती स्पर्धा आपण हरलो आहोत. इन्स्टाग्रामवरच्या एखाद्या व्हिडिओतला काही सेकंदांचा आवाज नकलेला पुरतो. चेहराही तसाच. २०२४ च्या सुरुवातीला उघड झालेल्या एका प्रकरणात हाँगकाँगमधल्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये वरिष्ठ अधिकारी आणि सहकारी दिसले म्हणून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. मीटिंगमधले ते सगळे चेहरे खोटे होते. ‘डोळे मिचकावत नाही’, ‘ओठ जुळत नाहीत’ या खुणा व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या जुन्या झाल्या.

आवाजापेक्षा मागणीची घडण बघा : घाई, गुप्तता आणि पैसे, तिन्ही एकत्र. ‘आईला सांगू नको’ हेच खरं तर गुन्ह्याचं वाक्य होतं. फोन कापा. तुमच्याकडे जतन असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. लागला नाही तर त्याच्या आई-वडिलांना किंवा खोलीतल्या मित्राला. आलेल्या नंबरवर उलट फोन करणं म्हणजे पडताळणी नव्हे. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवा. देवाचं नाव, गल्ली, कुत्र्याचं नाव असला सोशल मीडियावर सापडणारा शब्द नको, काहीतरी बेढब चालेल. तो शब्द चॅटवर लिहू नका, जेवताना सांगा.

‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून केलेली अटक, असं काही कायद्यात नाही; व्हिडिओवर गणवेश दिसला की कापा. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

पैसे गेलेच तर पहिला तास महत्त्वाचा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. रक्कम, वेळ, ज्या खात्यातून गेली ते खातं आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवा. ही तक्रार थेट बँकांच्या साखळीत जाते आणि पुढच्या खात्यात पैसे असतील तर तिथेच गोठवले जातात. चोर काही मिनिटांत रक्कम चार-पाच खात्यांत फोडतात, म्हणून ‘उद्या शाखेत जाऊ’ म्हणणाऱ्याचं बहुधा काही उरत नाही. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार, बँकेला लेखी कळवणं आणि सायबर पोलीस ठाणं. स्क्रीनशॉट काढा आणि चॅट डिलीट करू नका. लाज वाटून लोक पहिल्यांदा तेच करतात. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, आणि चूक तिसऱ्याच कुणाची असेल तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास शून्य. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुम्ही बँकेतल्या, हे चार जणींना समजावून सांगाल तर बरं.

लग्नपत्रिका, ट्रॅफिक चलान किंवा वीजबिल म्हणून येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडली गेली तर इंटरनेट लगेच बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून खातं थांबवा, ते ॲप काढा आणि ##००२# डायल करून कॉल वळवणं रद्द करा. ही फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवते.

प्रश्न : कोर्टाच्या कागदांचं टायपिंग करतो. श्रीलिपीतली फाइल चॅटबॉटला दिली की तो काहीबाहीच वाचतो. आणि नोटिशीत कलमं टाकायला त्याच्यावर भरवसा ठेवावा का?
(टंकलेखक, सिव्हिल लाइन्स)

श्रीलिपी, कृतिदेव हे जुने फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवतात आणि वर मराठीचं रूप चढवतात. चॅटबॉटला आतलंच दिसतं. आधी फॉन्ट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या लिपीत, आणा. नंतर रफार, ऱ्य, ‘ळ’, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं आणि आकडे मूळ छापील कागदाशी ताडा. रफार एक अक्षर पुढे-मागे सरकणं सर्वांत नेहमीचं. छापील कागदाचा फोटो देणार असाल तर देवनागरी १ आणि ९ ची अदलाबदल बघा. तारखेत ती झाली तर मुदतीचं गणितच फिरतं.

सातबाऱ्याचीही हीच गोष्ट. ०.८१ हेक्टर म्हणजे ८१ आर, जवळपास ८० गुंठे, दोन एकर. चॅटबॉट मधेच ०.८१ ला एकर धरून पुढचं सगळं मांडतो आणि भाषा इतकी सफाईदार असते की वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

कलमांवर भरवसा मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८ (४) आहे. गुन्हा त्या तारखेच्या आधीचा असेल तर जुनंच कलम लागतं. चॅटबॉट दोन्ही खिचडी करतो. न्यायनिवाड्यांचे दाखले तर तो चक्क रचतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ मध्ये दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात सादर केले आणि ५००० डॉलर दंड झाला. भाषा सुधारून घ्या, परिच्छेद लावून घ्या, पण कलम आणि दाखला वकीलसाहेबांनी मूळ पुस्तकातून.

प्रश्न : एआयमुळे आमच्या नोकऱ्या जाणार का?
(अनेक पत्रं)

काही कामं जातील, हे गोड बोलून लपवण्यात अर्थ नाही. ठरावीक साच्याचं भाषांतर, डेटा एन्ट्री, साधी जाहिरातीची कॉपी, पहिल्या फळीचं कॉल सेंटर यांवर दाब आधीच आहे. चूक झाली तर जबाबदार माणूस लागतोच, अशी कामं जास्त टिकतात. कॅनडात एका विमान कंपनीच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. ‘चॅटबॉट जबाबदार आहे’ ही सबब चालली नाही. तुमच्या कामातलं तपासणं, सही करणं, गिऱ्हाइकासमोर उभं राहणं किती आहे, ते बघा आणि तेवढा भाग वाढवा.

प्रश्न : सोसायटीच्या १२० सदनिकांची यादी, भाडेकरूंचे आधार, थकबाकी, हे सगळं एआयला देऊन तक्ता करून घेतला तर चालेल?
(सचिव, गृहनिर्माण संस्था, बेसा)

आधार नको. तक्ता करायला आधार लागतही नाही. यादीत नावाऐवजी सदनिका क्रमांक ठेवा, फोनचा रकाना काढा, नंतर तुमच्या संगणकावर नावं जोडा. आधारची प्रत ठेवणं भागच असेल तर शेवटचे ४ अंक सोडून बाकीचे झाकलेलं आधार मागा. ते आधारच्या संकेतस्थळावरूनच मिळतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखच असा आहे की लोकांच्या संमतीविना त्यांची माहिती हवी तशी वापरू नये, आणि भाडेकरूने पोलीस पडताळणीसाठी दिलेला कागद चॅटबॉटसाठी दिलेला नसतो.

चॅटजीपीटी वापरत असाल तर सेटिंगमध्ये ‘डेटा कंट्रोल्स’मध्ये जाऊन ‘इम्प्रूव्ह द मॉडेल फॉर एव्हरीवन’ बंद करा. नाहीतर तुमचं संभाषण पुढच्या प्रशिक्षणात वापरलं जाऊ शकतं. एकदाच्या कामासाठी ‘टेम्पररी चॅट’ बरं. व्हॉट्सॲपवर दिसणारं निळं वर्तुळ म्हणजे मेटा एआय. तुमच्या खासगी गप्पा कुलूपबंद असतात, पण त्या वर्तुळाला जे विचारता ते कंपनीकडे जातं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी त्याला हाक मारून थकबाकीदारांची यादी चिकटवत असेल तर ॲडमिन म्हणून ती लगेच काढून टाका आणि तक्ता एक्सेलमध्ये स्वतःच करा. १२० ओळींचं काम आहे, एका दुपारचं.